नव्या सेंटरने गेटवर हात वर केले

यंदा आपली कॉलेजची बास्केटबॉल टीम फायनल मारणार म्हणून ग्रुपवर सगळे नाचून राहिले ना? आधी माझं ऐका, आणि ग्रुपच्या बाहेर जाऊ देऊ नका.

आज सकाळी सराव पाहायला गेलो होतो. नवा सेंटर, बास्केटखाली खेळणारा, काय उंच आहे! कोच सर म्हणाले, "पनागरचा आहे, बी.कॉम. फर्स्ट इयर." फर्स्ट इयरच्या मानाने कल्ले जरा पिकलेले वाटले. चलो, असेल.

सराव संपला. गेटवर चौकीदार दिसताच पठ्ठ्या थांबला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. चौकीदार बिचारा गोंधळला, "क्या हुआ भैया?"

माझे बाबा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले, तरी लग्नाच्या हॉलवर वॉचमन दिसला की असेच हात वर करतात. रोज सुटताना झडती देणाऱ्यालाच ही सवय लागते. आणि सध्या लढाईमुळे तिथल्या कामगारांच्या सुट्ट्या बंद आहेत, म्हणजे हा रोज ड्यूटीवर असणार. मग हा कोणत्या कॉलेजात शिकून राहिला?

शेजारी आपले जुने फॅन देशपांडे काका होते. विचारलं, "काका, पाहिलं काय?"

"नाही. तू पण नको पाहू. इतक्या वर्षांनी सेंटर भेटला."

आता एवढंच सांगा, पहिली मॅच आहे त्या मैदानाच्या गेटवर चौकीदार असतो काय?