खूणकाकांचा अँटेना

खूणकाका कारखान्यात स्टोअरकीपर होते. संध्याकाळी स्टोअर बंद करताना कुलपाभोवती बारीक दोरा गुंडाळायचा, तेलाच्या पिंपाच्या झाकणावर खडूची रेघ ओढायची आणि सकाळी आल्या आल्या खूण जागची हलली का ते पाहायचं, ही त्यांची पद्धत. नाव त्यावरूनच पडलं. ते निवृत्त झाले, पण ही खोड काही निवृत्त झाली नाही. घरात साखरेच्या डब्यावरसुद्धा आतून पेन्सिलीची रेघ असायची. आता त्या घरात साखर चोरणार कोण? काका आणि काकू, दोघंच तर राहत होते.

पूर्वी तिघं होते. लेक ऑफिसातून नक्की कधी निघते हे विचारायला काका एकदा थेट तिच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. त्याच संध्याकाळी लेकीने बॅग भरली आणि नदीपलीकडचं शहर गाठलं. तिथल्या टीव्ही केंद्रावर ती दुपारच्या बातम्या वाचते, हे काकांना ठाऊक होतं. पण घरात तिचा विषय काढायची सोय नव्हती. आधी तिने फोन करावा, हा काकांचा हेका. काकूंचा जीव मात्र लेकीचं तोंड पाहायला तुटत होता, आणि "टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसतात हो, गच्चीवरचा अँटेना घ्या" असा धोशा त्यांनी लावला तो उगाच नव्हे.

काकांनी अँटेना सुट्या भागांचा आणला. जोडून मिळत होता, पण दुसऱ्याने जोडलेल्याचा भरवसा कोणी द्यावा? जमिनीवर चादर अंथरून त्यांनी सगळे भाग मांडले. अॅल्युमिनियमच्या काड्या टेपने मोजल्या. लांब काड्या मागे, आखूड पुढे, असं चित्रात स्पष्ट दाखवलं होतं, तरी चित्र काढणारा शुद्धीवर होता का, अशी शंका त्यांना आलीच. सगळं जोडून झाल्यावर एक वॉशर उरला.

"बघ! दुकानदार म्हणाला होता, काही उरणार नाही म्हणून."

"अहो, जास्तीचा दिला असेल," काकू म्हणाल्या.

"फुकट जास्तीचं कोणी देतं का? कुठेतरी पाणी मुरतंय."

गच्चीवर पाइप उभा केला, त्यावर अँटेना चढवला, केबल खाली खिडकीतून आत घेतली. टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करायचं ठरलं. नदीकडच्या मनोऱ्याचं नावही काकांनी काढलं नाही. काकू खिडकीतून ओरडायच्या, "आलं, आलं! छान दिसतंय!" तर ही आपल्याला कटवायला म्हणते आहे, असं वाटून काका स्वतः जिना उतरून बघायला यायचे, आणि परत चढायचे. असं दिवसभर चाललं. पाइपाचे नट त्यांनी पान्याने आवळले नाहीत, हातानेच बसवले. दिशा आज ना उद्या चुकलेली निघणार, याची त्यांना खात्रीच होती. शेवटी पाइप आणि त्याला धरून ठेवणारी खालची पक्की पट्टी यांच्यावर मिळून त्यांनी लाल रंगाची एक उभी रेघ ओढली. हलला की कळणार.

आणि तो हलला. दुसऱ्याच संध्याकाळी रेघेचे दोन तुकडे बोटभर सरकलेले होते. काकांनी ते जुळवले. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

संशय शेजारच्या शिंप्यावर गेला. गच्ची एकाला एक लागून, मध्ये गुडघाभर भिंत, आणि त्याचा जुना अँटेना जवळच.

"माझ्या अँटेनाला हात कोण लावतं?" काकांनी त्याला भिंतीपाशी गाठलं.

"मला काय ठाऊक? मला माझ्या मशीनवरून मान वर करायला फुरसत नाही."

"वारा असा रोज मोजून बोटभर फिरवतो होय?"

"तुम्ही माझ्या नावाने कशाला खडे फोडताय? घरात बघा जरा!" शिंपी वैतागून म्हणाला.

घरात काय बघायचं? काकूंचे गुडघे कामातून गेलेले. वर्षभरात त्या जिन्याची पायरी चढल्या नव्हत्या.

काका रोज दुपारी जेवून वाचनालयात पेपर वाचायला जात. त्या दिवशीही त्यांनी चपला घातल्या, दार ओढलं, आणि रस्त्याकडे न जाता ते चोरपावलांनी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे बसले. शिंप्याला रंगेहाथ धरायचा, मग चार लोकांत त्याची शोभा करायची, असा बेत.

थोड्या वेळाने जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. काकू वर येत होत्या. चढत नव्हत्या, बसून बसून येत होत्या. पायरीवर टेकायचं, हातांच्या जोरावर अंग वरच्या पायरीवर घ्यायचं, पुन्हा टेकायचं. गच्चीत आल्यावर त्यांनी नट सैल केले, पाइपाला दोन्ही हातांनी धरून अँटेनाचं तोंड नदीकडे फिरवलं आणि तशाच बसत बसत खाली गेल्या. जाताना त्या स्वतःशी हसत होत्या.

ते खाली आले तेव्हा काकू टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. पडद्यावर लेक बातम्या वाचत होती.

"शिंप्याला बोल लावू नका," काकू मागे न बघता म्हणाल्या. "मीच फिरवते. नंतर जागेवर आणून ठेवते, पण चष्म्याशिवाय तुमची रेघ नीट दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पान्याने आवळून टाकला असता."

ते खरंच होतं. काका खुर्ची ओढून बसले. "वाळलीये," ते म्हणाले.

"वाळली नाही. केस कापलेत."

बातम्या संपल्या आणि फोन वाजला. काकूंचा हात पुढे गेला आणि तसाच थांबला. या वेळेला रोज कोणाचा फोन येत असणार, हे काकांना त्या थांबलेल्या हातावरून समजलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घाबरल्या होत्या. आपली बायको आपल्याला घाबरते, हे काकांना फार लागलं. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"आई, आज नीट दिसले का गं?"

कुठे राहतेस, कोणाबरोबर, केव्हापासून फोन करतेस, सगळे प्रश्न काकांच्या जिभेवर आले. ते त्यांनी गिळले.

"दिसलीस. स्वच्छ दिसलीस."

पलीकडचा आवाज एकदम बदलला.

"बाबा? आई कुठे आहे?"

"ही काय, समोरच आहे."

"मग फोन तुम्ही का घेतलात? तिला काही बोललात का? खरं सांगा."

"नाही गं. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं."

"ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तिला द्या."

स्टोअरच्या दारात उभं राहून हमालांची झडती घेताना काकांचा जो स्वर लागायचा, तोच हा. पोरीने तो घरातूनच नेला होता. काकांना राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. त्यांनी रिसीव्हर काकूंच्या हातात दिला आणि ते चपला शोधू लागले.

"तू बोल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी बाहेर उभा राहतो. नाहीतर तिला वाटेल, मीच तुला पढवतोय."