पंधरा मिनिटं पुढचा देश

आठवी सोडून गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला काठमांडूत आलो, त्याला बरीच वर्षं झाली; मनगटावरचं घड्याळ मात्र अजून गावच्याच वेळेवर आहे. काल रेडिओवर दोन बड्या शेजाऱ्यांची, भारत आणि चीनची, तणातणी ऐकली आणि रेडिओ बंद करून उठलो. घरमालकीण दिदी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती. ते आपल्याहून पंधरा मिनिटं पुढं आणि चीनहून सव्वादोन तास मागं चालतं.

"दिदी, भांडण पेटलं तर तुम्ही कुणाकडून?"

"दक्षिणेचं पेट्रोल लागतं, उत्तरेची जॅकेटं लागतात. दोघांनाही नमस्ते, भाइ. पण आमचे किती वाजले, ते आम्हीच सांगणार."

एवढासा देश, पण वेळसुद्धा कुणाकडून मागून घेत नाही. मोठ्यांच्या मधे राहायचं म्हणजे वाकूनच राहायचं, असं मी उगाच समजत होतो. हात जोडूनही ताठ उभं राहता येतं की!

तरी धाकधूक जाईना. "आणि मला कुणी इथून जा म्हणालं तर?"

"कोण म्हणेल? घर माझं आहे. इथं कोण राहील ते मी ठरवते," दिदी म्हणाली. "हात धुऊन ये, भात निवतोय."