चिंचेखालचा विस्तव

यंदाच्या नाताळात बा येणार हे कळलं, तेव्हा आनंदापेक्षा मला धास्तीच जास्त वाटली. मी पिंपळनेरकडच्या डोंगरातला, भिल्ल घरातला; आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मीच चढलो. जळगावच्या ख्रिस्ती मंडळीने मला सांभाळलं, हे मी विसरत नाही. पण दोन वर्षांमागे नाताळच्या भरीत-भाकरीला आई आली, तेव्हा डोंगरातल्या माणसांची पंगत वेगळी मांडली होती. आई पुन्हा आली नाही. त्यात यंदा डोंगराच्या वाटेवर लूट झाली, आणि गावभर एकच बोलणं, "भिल्लांचंच काम." उपासनेनंतर ओट्यावर मंडळीतली माणसंही तेच बोलायची. मी चपला शोधत राहायचो. प्रार्थनेत मात्र रोज मागायचो, प्रभू, मला एकदा बोलायचं धैर्य दे.

नाताळचं जेवण जळगावजवळ असोद्याला आबांच्या शेतात होतं. आबा हिंदू शेतकरी. दर साली वांगी द्यायचे आणि जेवायलाही यायचे. मंडळीचे पंच नाना म्हणाले, "आबांना काय वाटेल? डोंगरवाल्यांची वांगी भाजायची आगटी तिकडे चिंचेखाली राहू द्या." बा डोंगरातल्या माणसांबरोबर तिकडे गेला. मी इकडे वांगी पुसत बसलो.

आदल्या रात्री दव फार पडलं होतं. उघड्यावरच्या आमच्या कापसाच्या पऱ्हाट्या पेटेनात, नुसता धूर. चिंचेखालच्या मात्र कोरड्या, तडतडून पेटलेल्या. डोळे पुसत नाना मला म्हणाले, "जा रे, तिकडून विस्तव आण. विस्तवाचं काय एवढं!"

भाकऱ्या थापणाऱ्या अक्कांनी मान वर केली. "विस्तव चालतो का, नाना? मग वांग्यांनीच काय पाप केलं?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. नानाही हसले, जरा उशिरा. अक्कांनी वांग्यांची पाटी उचलून माझ्या डोक्यावर दिली, आणि मी ती चिंचेखाली नेली. बाने सरकून जागा केली. सगळी वांगी एका आगटीत भाजली, एकाच उखळीत ठेचली. मग कुणाचं कोणतं, कोण सांगणार? दोन घरं न जेवता निघून गेली, तेही खरं.

आबा आले, पंगतीकडे पाहून म्हणाले, "यंदा एकच पंगत? बरं झालं बुवा. मांगं मले समजेच ना, बसू कोठी!" आणि बाशेजारी मांडी घालून बसले. ज्यांना काय वाटेल म्हणून आम्ही भीत होतो, त्यांनी तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं.

दव दर हिवाळ्यात पडतं, त्यात चमत्कार नाही, हे मला ठाऊक आहे. मी मागितलेलं धैर्य मला मिळालं नाही. ते अक्कांच्या तोंडी आलं, आणि माझ्या वाट्याला पाटी आली. लोकांची मनं बदलणं माझ्या हाती नाही, पण हाती दिलेली पाटी बिनबोभाट उचलायची, एवढं मी त्या दिवसापासून प्रभूवर सोपवून करतो.

मोटारीत चढताना बा म्हणाला, "पुढला साल तुनी मायले बी संगे लई येसू."