मेंढीची नोंद

निवृत्तीनंतर मी पाथरीत राहत होतो. एके सकाळी जिंतूरहून एसटीने एक बाई आली. मेंढपाळ घरातली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माह्या मालकाला जन्मठेप झालीय. खून त्यांनी केला न्हाई."

मी डॉक्टर नव्हतो. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पण लोक डॉक्टरच म्हणत. तिने सगळं सांगितलं. चराईवरून नवऱ्याचं एकाशी भांडण झालं, दोन दिवसांनी तो माणूस संध्याकाळी दूरच्या शिवारात मारलेला सापडला; खून दुपारी चारनंतर झाला होता. सहा वर्षं नवरा तुरुंगात होता.

"त्या दिवशी ते तुमच्याकडं व्हते. मेंढी अडली व्हती. कोर्टात लय सांगितलं, कुणी मनावर घेतलं न्हाई."

मी खूप आठवून पाहिलं. काही आठवेना. तसं सांगताना मला फार लाज वाटली.

ती शांतपणे म्हणाली, "तुमाला कसं आठवल? रोज किती जनावरं येतेत. पण तुमी लिहून ठिवता की."

खटल्यात ते रजिस्टर कुणी मागितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या दवाखान्यात गेलो. नव्या डॉक्टरांनी अडगळीची खोली उघडून दिली. पोत्यांमध्ये जुनी रजिस्टरं कोंबलेली, काहींना वाळवी लागलेली. तिसऱ्या खेपेला ते वर्ष सापडलं. तिला वाचता येत नव्हतं. मी पानं उलटत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खुनाच्या तारखेखाली अक्षर माझंच होतं : 'मेंढी, प्रसूती अडलेली, पिल्लाचा पाय मागे. दुपारी तीनला आणली, दिवेलागणीला सोडली.' शेजारी तिच्या नवऱ्याचं नाव आणि अंगठा.

"हाय का?" तिने विचारलं. मी नुसती मान हलवली. ती तिथेच पोत्यावर बसून रडली.

परभणीच्या एका वकीलबाईंनी मोफत काम घेतलं. हायकोर्टात अपील पडूनच होतं. त्यात हा नवा पुरावा घ्यावा म्हणून त्यांनी अर्ज केला. अंगठा तपासला, तो त्याचाच निघाला. मग माझी साक्ष झाली.

"ही नोंद तुम्ही मागाहून केली नसेल कशावरून?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"खालची नोंद बघा, साहेब. त्याच दिवसाची, दुसऱ्या शेतकऱ्याची. तिच्याखाली तेव्हाच्या डॉक्टरांची सही हाय. मधी घुसडायला जागाच न्हाई." घाबरल्यावर माझ्या तोंडी गावचीच बोली येते.

निकालाला आणखी काही महिने गेले. तो निर्दोष सुटला त्या दिवशी मी तिच्यासोबत तुरुंगाच्या दारात होतो. केस पांढरे, अंगाने वाळलेला. आधी बायकोकडे बघत उभा राहिला, मग माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं. म्हणालो, "तुझ्या बायकोमुळं सुटलास. मला तर तू आठवतसुद्धा नव्हतास."

तो पहिल्यांदा हसला. "मला तुमी रोज आठवायचात."

महिन्याभराने तो माझ्या घरी आला. तुरुंगात त्याच्या शेजारी चुडावा गावचा एक जण होता. त्याचंही म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं. "त्याची माय एकटीच हाय, साहेब. एकदा कागद तरी बघता का?"

मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आणा कागद." सोमवारी तो आणि मी परभणीहून रेल्वेने चुडाव्याला गेलो. म्हातारी स्टेशनावरच येऊन थांबली होती, कागदांची पिशवी छातीशी धरून.