हळू गडी म्होरं

मी साताऱ्यात टिकलो तो हवालदार तात्यांमुळे. हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते नंतर.

तात्या पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि आमच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री झाले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि कुठल्याही कामाला एकच नियम: "हळू गडी म्होरं." बर्फाच्या डोंगरात शिकलेला. दमणारा मागे ठेवला तर एकटा पडतो. पुढे ठेवला तर सगळे त्याच्या चालीने एकत्र पोचतात. हा नियम ते जेवणालाही लावत. सावकाश चावणारा मी, म्हणून डबा पहिला मी उघडायचा. माझी अर्धी भाकरी होईपर्यंत बाकीचे गडी माझ्या तोंडाकडे बघत बसलेले.

मी विदर्भातला, चांद्याकडचा. शाळा सातवीतच सुटली. हाताला काम येत होतं, तोंड उघडायचीच भीती. मी 'मले, तुले' म्हणालो की बाजी वेल्डर ते दिवसभर घोळवायचा. माणूस वाईट नव्हता, पण मला घास गिळवेना. शेवटी मी पानासुद्धा खुणेने मागू लागलो. एका शनिवारी तात्यांना सांगितलं, पेटी भरलीय, सोमवारी गावी जातो, परत येत नाही.

"जा की," तात्या म्हणाले. "पर उद्या सायकली काढू. लिंबची बारा मोटंची हीर बगितल्याबिगर गेलास, तर गावात काय सांगशील सातारचं?"

रविवारी उजाडताच निघालो. तात्या, बाजी, दोघे फिटर आणि मी. भाड्याच्या सायकलवर माझा वेग बैलगाडीचा, म्हणून पुढे मी. पुढच्याला ओलांडायचं नाही आणि वाट त्यानेच विचारायची, ही तात्यांची ऑर्डर. वेण्णेचा पूल गेला, हमरस्ता सुटला आणि दोन वाटा फुटल्या. पारावर माणसं बसली होती. विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी आपला एका वाटेला लागलो. वाटेची पाणंद झाली, पाणंदीचा बांध झाला आणि बांध उसात शिरला. मागे वळलो तर चौघेही निमूट माझ्या मागे, पाटाच्या चिखलात.

बाजी वैतागला. "तात्या, तुमाला वाट ठावं हाय न्हवं? सांगायचं न्हाई व्हय?"

"म्होरं कोन हाय? त्याला इचार."

बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. आता सुटका नव्हती. सायकल बांधाला टेकवली आणि विचारलं, "माय, लिंबाले कोनता रस्ता जाते वं?"

तिनं विळा थांबवला. गाव विचारलं. चांदा कुठं, ते मी हाताने पूर्वेकडे लांबवर दाखवलं. मग तिनं माझ्या मागे पाहिलं.

"आनि ह्यो मिशाळ्या? तुमी चौगं हितलंच न्हवं? चांद्याच्या पोराच्या मागनं माज्या उसात आलासा?"

तात्यांनी टोपी काढून मान खाली घातली. बाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. मी हसलो, साताऱ्यात आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं. म्हातारीनं वाट सांगितली आणि वर एकेक ऊसही दिला.

पुढे दोनदा वाट विचारली, दोन्ही वेळा मीच, माझ्याच बोलीत. विहीर पाहिली. खाली पाणी, विहिरीच्या पोटात दगडी महाल, आणि पायऱ्यांवर ऊस सोलत आम्ही पाच जण. तात्या राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. बाजी मात्र परतताना सारखा विचारत होता, चांद्याकडे ऊस होतो का, विहिरी असतात का.

सोमवारी मी कामावर गेलो. जेवणाच्या सुट्टीत तात्या एवढंच म्हणाले, "उघड डबा."

आता तात्या कडेगावाकडे त्यांच्या गावी असतात. गुडघे कुरकुरतात, सायकल अगदी हळू चालते, असं बाजी सांगतो. मी मिस्त्री झालोय. नव्या माणसाला पुढे घालतो आणि मागून गप्प चालतो.

एकदा त्यांच्या दारात सायकल घेऊन जाणार आहे. तात्यांना पुन्हा लिंबला न्यायचंय. आता हळू गडी ते. पुढे तेच राहतील. वाट चुकून उसात शिरले, तरी मी मागून चकार शब्द काढणार नाही.