दुसऱ्या बाजूची सम

परवा संध्याकाळी शिवप्पाच्या हॉटेलात नरसय्याचा हात हवेत राहिला. शाळा सुटली की मी तिथे चहा घेतो. त्या दिवशीही तसाच बसलो होतो...

पण आधी खाँसाहेबांचं सांगायला हवं. ते आमच्याच गल्लीत राहतात, चार-दोन मुलांना गाणं शिकवतात. त्यांच्या उस्तादांची एक विलंबित, अगदी संथ लयीची चीज त्यांच्यापाशी आहे. ती गाणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि खाँसाहेबांचा दम आता पुरत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून रेकॉर्ड कंपनीचा एजंट आला होता. कुठल्या गावात काय वाजतं, हे तो हॉटेलांतून बसून पाहत असे. खाँसाहेबांचं गाणं त्याला आवडलं. त्यांनी एकच मागणी केली... तबकडी मोठी हवी, बारा इंची.

एजंट शांतपणे नाही म्हणाला. मोठी तबकडी महाग पडते, पार्सलात फुटते. लोक हल्ली पेटीचा ग्रामोफोन घेतात, त्याच्या झाकणातल्या खणात दहा इंचीच मावते. लग्नाला, शेतावर, पाहुण्यांकडे तीच जाते.

"मोठी तबकडी बंगल्यात वाजते, खाँसाहेब. लहान तबकडी चौकात वाजते. तुम्हीच सांगा, कुठं वाजायचंय?"

"चौकात," खाँसाहेब म्हणाले. "लेकिन लहान तबकडीच्या तीन मिनटात आमचा तंबोरा भी जागा होत नाही, साहेब."

एजंट हसला. त्याने तोड काढली. एका बाजूला थोडं विलंबित, दुसऱ्या बाजूला द्रुत. बोलपट आल्यापासून लोकांना चटकन उचलणारं लागतं, एवढं त्याने जाता जाता सांगितलं.

खाँसाहेब मग शिवप्पाकडे वळले. शिवप्पाची एक रीत आहे. नवी रेकॉर्ड आली की तो दोन्ही बाजू एकदा ऐकतो, आणि गिऱ्हाइकांचे पाय ज्या बाजूला हलतात तिच्यावर खडूने फुली मारतो. पुढे तेवढीच बाजू वाजते. प्रत्येक बाजूला नवी पिन, पुन्हा चावी... इतका वेळ कोणाला आहे?

"शिवप्पा, हळू गाण्यावर तू फुली मारशील का?"

शिवप्पा कप विसळत होता. "खोटं कशाला बोलू, खाँसाहेब. न्हाय मारणार."

थोड्या दिवसांनी खाँसाहेब मुंबईला गेले, गाऊन आले. कसं झालं, विचारलं तर नुसती मान हलवायचे. मला वाटलं, मन मारून गायले असतील.

परवा ती तबकडी आली. लेबलावर 'भाग पहिला' छापलेलं, म्हणून शिवप्पाने तीच बाजू आधी लावली. खाँसाहेब आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर पाठ करून बसले.

गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. तिरप्या उन्हात चहाची वाफ, बिडीचा धूर, माणसांच्या केसांत अडकलेला कापूस... आणि त्यातून खाँसाहेबांचा आवाज, कुठून तरी फार लांबून चालत आल्यासारखा. पाय कोणाचेच हलत नव्हते. फुली पडणार नाही, हे मला कळत होतं.

माझ्या समोर नरसय्या बसला होता. हातमागावर लुगडी विणतो, शनिवारी भजनात झांज धरतो. खाँसाहेब समेकडे येऊ लागले, तसा त्याचा हात आपोआप वर गेला. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा... गाणारा तिथे परत येतो आणि ऐकणाऱ्याचा हात मांडीवर पडतो.

सम आली नाही. तिच्या एक पाऊल आधी बाजू संपली. पिन नुसती खरखरत राहिली.

मला वाईट वाटलं. वेळ अपुरा पडला, गाणं मध्येच कापलं गेलं, असं वाटलं. शिवप्पाने तबकडी उचलली आणि सवयीने दुसऱ्या गाण्याच्या रेकॉर्डकडे हात नेला.

"अरं शिवप्पा, माझा हात वर ऱ्हायला की," नरसय्या म्हणाला. "खाली कवा आणू?"

"चहा घे, येतोय खाली."

"चहा नगं. उलटी कर ती."

दोन-तीन टेबलांवरून तेच आलं. उलटी कर की, अण्णा. शिवप्पा पुटपुटत पिन शोधू लागला, मग चावी देऊ लागला. तेवढा वेळ नरसय्याचा हात वरच होता. कोपऱ्यात कोणीतरी तोच सूर बारीक धरून ठेवला होता. तबकडी थांबलेली होती, आणि गाणं चालू होतं... अगदी हळू, खाँसाहेबांना हवं होतं तितकं हळू.

मी बाहेर पाहिलं. खाँसाहेबांची पाठ तशीच होती. बोटं मात्र गुडघ्यावर मात्रा मोजत होती, सावकाश. तेव्हा मला कळलं. काही कापलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा पहिलाच सूर समेवर पडला. नरसय्याचा हात खाली आला. त्याच्याबरोबर आणखी किती हात आले, मी पाहिलं नाही. माझाही आला होता.

द्रुत पुढे होतंच, पायही हलले. पण आज चहाला गेलो तेव्हा तबकडी काउंटरवर पडली होती. मी ती उलटून पाहिली. फुली दोन्ही बाजूंना होती.

तबकडी लहान निघाली, याबद्दल मी कंपनीचा आभारी आहे... मोठीवर सम आपोआप आली असती, आणि आम्ही चहा पीत राहिलो असतो.