नानासाहेबांचे दोन नारळ

नानासाहेब पाळंदे जजच्या गाऊनचं माप देऊन फोर्टातून परतले, त्याच संध्याकाळी दत्ता परब आमच्या ऑफिसात आला. जिन्यात दोघांची गाठ पडली. वर येऊन परब मला म्हणाला, "रेग्या, तुझा साहेब खूश दिसतोय. म्हणजे आपण मेलो."

मी नानासाहेबांचा ज्युनियर होतो. ऑफिस गिरगावात, आमच्याच वाडीच्या तोंडाशी. परब लालबागचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा आणि उरलेल्या वेळात चळवळ. सत्तावन्नच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींचे खटले नानासाहेबांनी फुकट लढवले होते. ते उभे राहिले तर निवडून येणार, हे विरोधकही मान्य करत. नेमकं तेव्हाच हायकोर्टाचे जज म्हणून त्यांचं नाव पुढे गेलं. जज झालेला माणूस निवडणूक लढवू शकत नाही.

बार रूममध्ये दोन तट पडले. अर्धे म्हणत, गुणाचं चीज झालं. अर्धे म्हणत, काटा गोड बोलून काढला. नानासाहेब दोघांनाही म्हणत, "मला ब्रीफ वाचू द्या."

पण त्यांना ते पद हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल ऐकले. काही स्वतः द्यायचे होते.

"उद्या मोर्चा काढतो," परब म्हणाला. "लालबाग ते हायकोर्ट. नेमणूक रद्द करा."

"मोर्चा काढलास तर नेमणूक पक्की. सरकार म्हणेल, बघा, चळवळवाल्यांनाही नकोसा झालेला माणूस. किती निःपक्षपाती."

"मग काय करू? पेढे वाटू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वकिलाला फुकट सल्ल्याचं व्यसन असतं. मी समजावून सांगितलं. नाव सुचवणं वेगळं, नेमणूक वेगळी. कागद इथून दिल्लीला जातो. वॉरंट, म्हणजे नेमणुकीचा हुकूम, हातात पडेपर्यंत त्या माणसाने मौन पाळायचं. सभा नाही, हार नाही, राजकारण्यांच्या शेजारी फोटो नाही.

"आमच्या धंद्यात नाव विरोधाने मरत नाही, दत्ता. सत्काराने मरतं."

परबाने आणखी एक चहा मागवला. मला वाटलं, विनोद आवडला.

आमच्या वाडीत एक रीत होती. कुणाला पन्नास वर्षं पूर्ण झाली की वाडीकडून शाल आणि नारळ. नानासाहेबांचा सत्कार कोर्टाच्या धावपळीत राहून गेला होता. आता ते बावन्नचे होते. तरी परबाने सुचवल्यावर वाडीच्या बायका आमंत्रण घेऊन घरी आल्या, आणि नानासाहेबांच्या पत्नी माई परस्पर हो म्हणाल्या. सरकारला नकार देणं नानासाहेबांना जमायचं. वाडीला नाही.

"रेगे, यात राजकारण नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"घरगुती आहे, साहेब."

तोवर परब या सत्कारासाठी माझ्याकडून भाषण लिहून घेऊन गेला होता. मी ते महाराष्ट्रासाठी लिहिलं, असं स्वतःला सांगत होतो. खरं कारण लहान होतं. साहेब जज झाले असते तर ऑफिसला कुलूप लागलं असतं, आणि मला दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं.

सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. नानासाहेब उठणार इतक्यात परबाने माइक घेतला आणि माझं भाषण म्हटलं. शेवट असा:

"हा नारळ पन्नाशीचा. आता दुसरा, आपल्या नियोजित न्यायमूर्तींना, लालबागकडून."

दोघांनी धरून आणलेला हार त्यांच्या गळ्यात पडला. मागे फलक उलगडला: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. घोषणा सुरू झाल्या. नानासाहेबांच्या दोन्ही हातांत नारळ. थांबवायला हात वर करावा, तरी नारळच वर जाणार. शेवटी तो गेलाच, आणि लोकांना वाटलं साहेब घोषणेला साथ देताहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो.

वॉरंट आलं नाही. कुणी नाही म्हटलं नाही, फक्त काही आलंच नाही. नानासाहेब निवडणुकीला उभे राहिले आणि आरामात जिंकले. "जजगिरीवर लाथ मारली," लोक म्हणाले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

निकालानंतर एकदा ऑफिसात त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "रेगे, परबाच्या भाषणात 'नियोजित' शब्द होता?"

"असेल, साहेब."

"तुमच्या ड्राफ्टमधून मी तो वर्षभर खोडतोय." चष्मा डोळ्यांवर चढवला. "भाषण मला आधी दाखवायचं. दुसरा परिच्छेद लांबला होता."

हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला ऑफिसातून काढलंही नाही. काढलं असतं तर बरं, असं पुढे अनेकदा वाटलं.

आता वाडीच्या तोंडाशी चौकाला त्यांचं नाव देताहेत. पाटीवर लिहिलंय, 'न्यायमूर्तिपद नाकारणारे'. मी वाडीच्या मंडळाच्या सेक्रेटरीला सांगितलं, त्यांनी नाकारलं नव्हतं. तो म्हणाला, "आजोबा, मोठेपणाच दिलाय ना? आणि पाटी रंगवून झालीय."

म्हणून हे लिहिलं. गाऊन शिवून तयार होता. शिंप्याकडून मीच आणला. माईंनी तो शेवटपर्यंत डांबराच्या गोळ्या घालून जपला.

कुणाची वाट अडवायची असेल तर त्याला विरोध करू नये. दोन्ही हातांत नारळ द्यावेत. नको म्हणायला त्याच्याकडे हात उरत नाही.